गर्भनिरोधक गोळ्या आणि मनोविकारांवरील औषधे

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस, स्वामिमलैजवळ तिरुवलंचुळी हे गाव आहे. मराठी वाचकाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे घराणे नांदत होते. ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळली, अशी या नावामागील आख्यायिका आहे. येथील श्वेतविनायकाच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक येतात.

अशा गावातील एखाद्या तरुण विवाहितेची कल्पना करू. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेकडून माला-एन या गोळ्या घेतल्या. पुढे तिला उन्माद आणि विषाद यांचे आलटून पालटून झटके येऊ लागले. तेव्हा शहरातील मनोविकारतज्ज्ञाने तिला कार्बामाझेपिन सुरू केले. पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांविषयी ती त्या डॉक्टरांपाशी बोलत नाही, कारण संकोच वाटतो. मनोविकाराच्या गोळ्यांविषयी परिचारिकेला सांगत नाही, कारण गावात बोभाटा होईल. दोन्ही वेळचे मौन समजण्याजोगे आहे. परंतु दोन्ही औषधांची गाठ पडते ती तिच्या यकृतात, आणि तेथे झाकून ठेवण्यासारखे काहीच राहत नाही.

यकृतात काय घडते?

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी ७ लोहाच्या असतात. उरलेल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल व ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल ही संप्रेरके असतात. रक्तात त्यांची विशिष्ट पातळी टिकून राहिली, तरच स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया रोखली जाते. काम झालेल्या संप्रेरकांचे विघटन यकृतातील विकरे करतात.

कार्बामाझेपिन या विकरांचे प्रमाण वाढवते. परिणामी संप्रेरके वेळेआधीच नष्ट होतात आणि रक्तातील त्यांची पातळी जवळजवळ निम्म्यापर्यंत उतरू शकते. स्त्री एकही दिवस न चुकता गोळी घेते; तरीही गर्भ राहण्याचा संभव वाढतो. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि मोठ्या मात्रेतील टोपिरामेट यांचाही परिणाम असाच होतो. कार्बामाझेपिन थांबवल्यानंतरही सुमारे ४ आठवडे हा प्रभाव उरतो. संबंधानंतर तातडीने घ्यावयाची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळीदेखील अशा वेळी कमी पडते. त्याऐवजी ५ दिवसांच्या आत तांबी बसवणे अधिक खात्रीचे असते.

येथे धोका दुहेरी आहे. जे औषध गोळीचा प्रभाव घटवते, तेच गर्भाच्या पाठीच्या कण्यात व्यंग निर्माण करू शकते. म्हणजे गर्भधारणा नको असते नेमक्या त्याच वेळी ती होऊ शकते.

व्हॅल्प्रोएटची गोष्ट निराळी. ते गोळीचा प्रभाव घटवीत नाही. पण गर्भावस्थेत ते घेतले गेल्यास साधारणतः दहांतील एका अर्भकात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहांतील तीन ते चार मुलांच्या बौद्धिक विकासात अडथळे येतात. म्हणून हे औषध घेणाऱ्या स्त्रीला खात्रीचे गर्भनिरोधक साधन मिळणे अत्यावश्यक असते.

उलट दिशेने होणारा परिणाम

काही वेळा गोळीच मनोविकाराच्या औषधावर परिणाम करते. लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी इस्ट्रोजेनमुळे जवळजवळ निम्मी होऊ शकते. संप्रेरकाच्या गोळ्या नसलेल्या सात दिवसांत ती पुन्हा वर चढते. मात्रा तीच असूनही महिनाभर कधी आजार डोके वर काढतो, तर कधी चक्कर येते. क्लोझापिनच्या बाबतीत याच्या उलट घडते: गोळीमुळे त्याची पातळी वाढते, गुंगी येते, रक्तदाब उतरतो. डायझेपामही शरीरात अधिक काळ रेंगाळते.

मात्र सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, लिथियम, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही नेहमीची औषधे गोळीचा प्रभाव कमी करीत नाहीत.

पाळी थांबली म्हणजे निर्धास्त झालो का?

रिस्पेरिडोन व हॅलोपेरिडॉल यांमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि अनेकींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. आता गर्भ राहणार नाही, अशा समजुतीने त्या साधन सोडून देतात. हा समज फसवा आहे. पाळी थांबलेली असतानाही स्त्रीबीज अधूनमधून सुटू शकते. औषध बदलून ओलान्झापिन किंवा अरिपिप्राझोल दिले, तर प्रजननक्षमता पहिल्या पाळीच्या आधीच परत येऊ शकते.

पर्याय कोणते?

कार्बामाझेपिन चालू ठेवावयाचे असल्यास तांबी हे उत्तम साधन होय. तिच्यावर यकृतातील विकरांचा काहीच परिणाम होत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ हे इंजेक्शनही चालते. कार्बामाझेपिनऐवजी दुसरे औषध देता येईल का, याचाही विचार मनोविकारतज्ज्ञ करू शकतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: मनोविकारावरील औषध आपण होऊन एकाएकी बंद करू नये. त्याने आजार उलटतो, आणि मग कोणतेच साधन नियमाने वापरणे शक्य होत नाही.

निर्णय कोणाचा?

गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात एक लाजिरवाणे पान आहे. १९५० च्या दशकात ग्रेगरी पिंकस यांनी तिच्या प्रारंभीच्या चाचण्यांसाठी अमेरिकेतील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयातील रुग्णांचा उपयोग केला. त्या रुग्णांची स्वतःची संमती घेण्यात आली नव्हती. आजार मनाचा आहे, म्हणून विचारण्याची गरज नाही, असे तेव्हा मानले गेले. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकाराचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई केली आहे. कायद्याने एवढी मर्यादा घातली. तिच्या पलीकडचे काम डॉक्टर, परिचारिका आणि घरची माणसे यांचे आहे. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे स्त्रीला ती शांत असताना, नीट समजावून सांगून विचारले पाहिजे.

तिरुवलंचुळीच्या त्या विवाहितेने करावयाची गोष्ट साधी आहे. उपकेंद्रात जाताना आणि शहरातील डॉक्टरांकडे जाताना तिने दोन्ही पाकिटे एकाच पिशवीत न्यावीत आणि दोन्ही ठिकाणी मेजावर ठेवावीत. आणि ती पाहणाऱ्याचे कर्तव्य हे, की तिने न सांगितलेलेही तिला हळुवारपणे, एकांतात विचारावे.