पुष्करिणीचा जीर्णोद्धार आणि भोवतीचा परिसर

देवालय म्हणजे केवळ गर्भगृह व शिखर नव्हे. दीपमाळ, ओवरी, धर्मशाळा, पुष्करिणी आणि तेथवर नेणारी वाट ही सारी देवालयाचीच अंगे होत. जीर्णोद्धाराचा संकल्प होतो तेव्हा मात्र दात्यांची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते व ही अंगे उपेक्षित राहतात.

किहीमच्या पूर्वेस, मापगावजवळच्या डोंगरावरील श्रीक्षेत्र कनकेश्वर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. डोंगरावर नेणाऱ्या सातशेहून अधिक दगडी पायऱ्या रघोजी आंग्रे यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी 1764 मध्ये बांधविल्या, अशी नोंद आढळते. त्या काळी वाटेसाठी वेचलेल्या द्रव्याचा लाभ आजही प्रत्येक यात्रेकरूस होतो.

मंदिरासमोर अष्टकोनी पुष्करिणी आहे. डोंगरावरील अशा कुंडाचे आरोग्य भोवतीच्या जमिनीवर अवलंबून असते. या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. झाडीने आच्छादलेला उतार ते पाणी जिरवून सावकाश पाझरू देतो. झाडी तुटली की माती वाहून कुंडात गाळ साचतो, आणि सभोवार फरशी घातली तर पाणी मुरण्यास जागाच उरत नाही.

बांधकामाची दुरुस्तीही विचारपूर्वक करावी लागते. जुन्या चिरेबंदी कामात चुना वापरलेला असतो. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतील ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आतच कोंडते व क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. खाऱ्या हवेत लोखंडी सळई गंजून फुगते आणि भोवतीचा दगड फोडते. सांध्यांत रुजलेला पिंपळ ओढून काढल्यास चिरेही निखळतात. म्हणून रोप लहान असतानाच ते काढणे इष्ट ठरते.

कोल्हापूर येथील श्री अंबाबाई मंदिराच्या आवारातील मनकर्णिका कुंड बुजवून त्यावर उद्यान करण्यात आले होते. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीने 2020-21 च्या सुमारास उत्खनन करून ते पुन्हा प्रकाशात आणले. बुजविलेले तीर्थ परत मिळविणे किती कष्टाचे असते, हे त्यावरून ध्यानी येते.

परिसर हेही देवस्थानाचे धनच होय. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास केला, तो याच किहीममध्ये.

दात्याचे नाव कोरलेली संगमरवरी फरशी डोळ्यांत भरते. चुन्याने भरलेला सांधा व उतारावर जगविलेले झाड कोणाच्या नजरेस पडत नाही. तथापि पुष्करिणीत पाणी टिकते ते त्यांच्याच योगे. कुंडात निर्माल्य व प्लास्टिक न टाकणे ही सेवा तर प्रत्येक भाविकास विनाद्रव्य करता येते. अशा सेवेचे पुण्य कळसाच्या दानाहून उणे नाही.