तीरकामठा आणि कार्बनची पाती

वाचन : २ राजे १३:१४-१९



मोरिवलीच्या आमच्या वर्गात डोंगराकडच्या ठाकूरवाडीतला एक मुलगा येतो. त्याचा तीरकामठा बांबूचा. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, ताण उतरतो, आणि कालचा नेम आज चुकतो. मंडळीतल्या एका भावांनी लाकडी मुठीचे धनुष्य करवून त्यावर कार्बनची पाती बसवायला देणगी दिली.

निवड माझ्याकडे होती आणि मी चुकलो. कार्बनची पाती हलकी, बाण सुटताच झटकन परत येतात, ओलीने फारशी बिघडत नाहीत. म्हटले, जड ताणाची घेऊ, मुलगा वाढेल तशी पुरतील. ४० पौंडांची घेतली. पण हे पौंड २८ इंच ओढीचे असतात. मुलाची ओढ २५. इंचामागे दोनेक पौंड वजा केले तरी ३४ उरतात. त्याला झेपत होते २४. दोन आठवड्यांत खांदा धरला.

तेव्हा हा उतारा पुन्हा वाचला. अलीशाने योवाश राजाला धनुष्य धरायला सांगितले आणि आपले हात त्याच्या हातांवर ठेवले. मी मात्र पाती पाहिली, हात पाहिलेच नाहीत.

पाती बदलून २८ पौंडांची आणली. ताण उतरला तसे बाणही कमी ताठ घ्यावे लागले. खर्च वाढला, तो हिशोबात दाखवला आहे. बांबूचा कामठा आम्ही ठेवला आहे, कारण इंडियन राउंडच्या स्पर्धा त्यावरच होतात. खांदा बरा आहे. मुलगा सध्या रोज वीसच बाण सोडतो.