ग्रहणीचा रुग्ण आणि त्याच्याजवळची ‘पोटाची गोळी’

जीर्ण ग्रहणीदोषाची तक्रार घेऊन आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण सहसा रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या पिशवीत जुने तपासणी अहवाल असतात आणि त्यांच्या तळाशी एखादी अर्धी वापरलेली गोळ्यांची पट्टी असते. ‘ही कशाची?’ असे विचारले तर ‘पोटाची’ एवढेच उत्तर मिळते. पट्टी उलटी करून घटक वाचले असता क्लोरडायझेपॉक्साइड ५ मि.ग्रॅ., क्लिडिनियम ब्रोमाइड २.५ मि.ग्रॅ. आणि आपल्याकडील अनेक उत्पादनांत डायसायक्लोमिन १० मि.ग्रॅ. असे आढळते. ही गोळी वैद्याने लिहावी की लिहू नये, हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही. आपण न लिहिताही ती आपल्यापुढे येतेच, आणि ती बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिल्याच भेटीत निघून जातो.

माझ्याही तोंडून तो निघाला होता. मध्यमवयीन शिक्षक, रोज तीन गोळ्या, चार वर्षांपासून. ‘आजपासून या बंद’ असे सांगून कुटजघनवटी, तक्र आणि पथ्य सुरू केले. पहिले चार दिवस उत्तम गेले. मल बांधून होऊ लागला, रुग्ण प्रसन्न, मीही प्रसन्न. सहाव्या रात्री झोप उडाली. सातव्या दिवशी हातांना कंप, घाम, पोटात पिळवटून कळा. आठव्या दिवशी ते आले तेव्हा मी वातप्रकोप समजून औषधाची मात्रा वाढविली. एका स्नेही डॉक्टरांनी ती जुनी पट्टी पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्यांना अपस्माराप्रमाणे झटका आला नाही हे सुदैव. तो येऊ शकतो.

हे असे का घडते, हे या औषधाच्या घडणीतच आहे. क्लोरडायझेपॉक्साइड हे बेंझोडायझेपिन वर्गातील पहिले औषध. हॉफमन-ला रोश कंपनीतील लिओ स्टर्नबाख यांनी ते शोधले आणि १९६० मध्ये ते लिब्रियम या नावाने बाजारात आले. ते शरीरात सावकाश उतरते. त्यापासून यकृतात तयार होणारे क्रियाशील अंश तर त्याहूनही चिवट असून त्यांचा प्रभाव कित्येक दिवस टिकतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही. लक्षणे उमटतात ती काही दिवसांनी, बऱ्याचदा आठवड्याच्या सुमारास. तोवर नव्या औषधाला यश आल्याचा भास वैद्य व रुग्ण दोघांनाही होतो आणि नंतरच्या त्रासाचे खापर एकतर रोगावर किंवा आपल्या औषधावर फुटते. पोटातील कळा व वांती ही औषध तोडल्याचीही लक्षणे आहेत, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मूळ व्याधी उसळली असे वाटून रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो, त्याला तासाभरात आराम पडतो आणि गोळीवाचून आपले चालणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होते. नेहमीच्या मात्रेतही काही आठवडे रोज घेतल्यास असे अवलंबित्व निर्माण होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गावर त्याविषयीची ठळक चौकटीतील सूचना अनिवार्य केली.

गोळीमागील मूळ विचार मात्र आपल्याला परका नाही. चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज असे दोन मानस प्रकार स्वतंत्र सांगितले आणि तेथे वातहर क्रियेसोबत हर्षण व आश्वासन यांची योजना केली. मन आणि पक्वाशय यांचा संबंध आधुनिक शास्त्रासही मान्य आहे. प्रश्न या विशिष्ट गोळीच्या पुराव्याचा आहे. अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकातही आयबीएसमधील तिची उपयुक्तता केवळ ‘शक्य’ या दर्जाची नोंदविलेली आहे. मन व आतडे दोहोंवर काम करणाऱ्या औषधांत आधुनिक तज्ज्ञ आता अल्पमात्रेतील ॲमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांना अधिक पसंती देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत १० ते ३० मि.ग्रॅ. मात्रेत त्याचा लाभ दिसला. (आयबीएस म्हणजेच ग्रहणी, असे सरसकट समीकरण मी मांडत नाही. काही रुग्ण वातज ग्रहणीत बसतात, काही मानस अतिसारात, काही कशातच नीट बसत नाहीत.)

गोळीतील दुसरा भाग आतड्याचे आकुंचन कमी करणारा. त्याने कळ थांबते, पण तोंड कोरडे पडते, दृष्टी धूसर होते, मलमूत्र अडते. ज्याची मुख्य तक्रारच मलावष्टंभाची आहे, त्याला ही गोळी त्रास वाढविणारी ठरते. काचबिंदू किंवा वाढलेली पौरुषग्रंथी असलेल्यास ती वर्ज्य आहे. वृद्धांत गुंगी, तोल जाणे व बुद्धिभ्रम होतो. डायसायक्लोमिन मेंदूत शिरत असल्याने ही शक्यता वाढते. वयोवृद्ध रुग्णाने ‘हल्ली विसरायला होते’ असे म्हटले तर मेध्य रसायन लिहिण्यापूर्वी त्याच्या गोळ्या पाहाव्यात.

आता आपल्या कपाटाकडे वळू, कारण खरी अडचण येथेच आहे. ही गोळी चालू असताना झोपेसाठी सर्पगंधाघनवटी दिली जाते. तिच्या प्रचलित पाठात खुरासनी ओवा व भांग आहे. खुरासनी ओव्याचे कार्य क्लिडिनियमच्याच जातीचे, म्हणजे तोंडाचा कोरडेपणा व मूत्रावरोध दुणावणार आणि गुंगीही वाढणार. कनकासवातील धत्तूराबाबत तेच. ग्रहणीत हमखास दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात भांग आहे, हे कित्येक विक्रेत्यांच्या ध्यानात नसते. कर्पूररसात अहिफेन आहे. अहिफेन आणि बेंझोडायझेपिन एकत्र आल्यास श्वसन मंदावण्याचा धोका आहे, म्हणून हा योग येथे पूर्णतः टाळावा. कुटजारिष्ट, मुस्तकारिष्ट यांत स्वयंजनित मद्यांश असतो. एरवी तो नगण्य मानला तरी अशा रुग्णास, त्यातही वाहन चालविणाऱ्यास, अरिष्टाऐवजी घनवटी किंवा क्वाथ देणे बरे. तटस्थ राहणारे तक्र, शुंठी, बिल्व यांसारखे उपाय हाताशी असताना जोखीम घेण्याचे कारण नाही.

गोळी सोडवायची ती कशी? अहितकर पण सात्म्य झालेली गोष्ट एकदम न सोडता पादांशाने, म्हणजे पावपावाने, सोडावी असे चरकाने सूत्रस्थानात सांगितलेच आहे. तत्त्व तेच, परंतु तेथील एक-दोन दिवसांचे अंतर येथे चालणार नाही. २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार दर दोन ते चार आठवड्यांस ५ ते १० टक्के कपात योग्य आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कपात नको. संयुक्त गोळीत हे साधत नाही. तीनपैकी एक गोळी कमी केली की एकदम तेहतीस टक्के कपात होते. म्हणून ज्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांना चिठ्ठी द्यावी आणि चिंताशामक घटक स्वतंत्रपणे, लहान मात्रेत उतरविण्याची विनंती करावी. पहिल्या भेटीत रुग्णास एवढेच सांगावे की गोळी स्वतःहून सोडू नका आणि वाढवूही नका. आपली चिकित्सा तिच्या जोडीने सुरू होऊ शकते. रक्तमिश्रित मल, वजनातील घट, पांडुता, रात्री झोपेतून उठविणारा अतिसार, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार असेल, तर आधी आंत्रक्षय व अर्बुद यांची शंका फेडून घ्यावी.

औषधविक्रेत्यांसाठी एक मुद्दा. क्लोरडायझेपॉक्साइड मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहे. चिठ्ठीवाचून विक्री नाही. स्वतंत्र नोंदवहीत लिहून देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. आम्लपित्ताच्या गोळ्यांच्या खणात ठेवून, जुनी पट्टी दाखविणाऱ्यास तशीच नवी देणे, ही चूक सर्वत्र होते. त्याच वेळी, चार वर्षांच्या ग्राहकास ‘आता मिळणार नाही’ म्हणून परत पाठविणे हेही त्याला एकदम तोडल्यासारखेच आहे. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे आणि का, ते सांगावे.

त्या शिक्षकांची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली व पुढे टप्प्याटप्प्याने उतरविली. पूर्ण सुटायला सात महिने लागले. परीक्षेच्या दिवसांत पोट अजूनही बिघडते. तेव्हा ते येऊन बसतात, अर्धा तास बोलतात आणि शुंठी घालून ताक घेण्याची आठवण घेऊन परत जातात.