नोंदवहीत किती लिहावे?



बांधीतले धान खळ्यावर आले की आरमोरी तालुक्यातील शेतकऱ्याला सातबाऱ्याची आठवण होते. आधारभूत किमतीने धान विकायचे तर नोंदणीसाठी सातबारा लागतो. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा होतो, हे तुम्ही घरी ऐकले असेल.

त्याच दप्तरात गाव नमुना ६ असतो. ती फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारसाचे नाव चढले, की तिच्यात अनुक्रमांक घालून नोंद होते. पण कोणी नुसता सातबारा पाहून गेला, तर फेरफारात ओळ पडत नाही. असे का? पाहणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्याच वहीत केली असती, तर वह्या भराभर भरल्या असत्या आणि वारसाची एक नोंद शोधायला दिवस मोडला असता.

आता हे दप्तर संगणकावर आले आहे. संगणकातील अशी माहिती सांभाळून, मागेल त्याला शोधून देणाऱ्या यंत्रणेला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. फेरफार हा माहितीचाच एक भाग झाला. या कारभाऱ्याची स्वतःची रोजनिशी वेगळी असते. तिला लॉग म्हणतात. सर्व्हर केव्हा सुरू झाला, काय चुकले, कोणी काय विचारले, हे तो तिच्यात लिहितो. पण किती लिहावे, हा प्रश्न येथेही आहेच.

आपण एक हिशेब करू. समजा, सर्व्हरला दर सेकंदाला १०० प्रश्न येतात आणि प्रत्येकासाठी तो २०० अक्षरे लिहितो. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दिवसाला १७२ कोटी ८० लाख अक्षरे झाली! पानाला २००० अक्षरे धरली, तर ५०० पानांची १७२८ पुस्तके रोज भरतील. लॉग आणि माहिती एकाच डिस्कवर असतील, तर जागा संपताच नवी माहिती लिहिणेही अडते. रोजनिशीच कारभाऱ्याला गिळून टाकते म्हणा ना!

म्हणून सर्व्हरला मर्यादा घालून देतात. पोस्टग्रेस या जगभर मोफत मिळणाऱ्या डेटाबेस सर्व्हरचे उदाहरण घेऊ. त्याचे काम अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झाले. त्यात लॉगसाठी तीन मुख्य किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली गांभीर्याची. बारीकसारीक तपशील, इशारा, चूक, घातक चूक अशा संदेशांच्या पायऱ्या असतात. एरवी ही किल्ली 'इशारा' या पायरीवर असते. त्याहून किरकोळ तपशील लिहिला जात नाही.

दुसरी किल्ली आज्ञांची. 'नन' म्हणजे एकही आज्ञा लिहू नको. 'डीडीएल' म्हणजे तक्त्यांची आखणी बदलली तरच लिही. 'मॉड' म्हणजे आखणी किंवा आतली माहिती बदलली तर लिही. ही आपली फेरफाराची रीत! आणि 'ऑल' म्हणजे नुसते पाहणाऱ्याचीही आज्ञा लिही.

तिसरी किल्ली वेळेची. तेथे १००० हा आकडा घातला, तर एक हजार मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद किंवा अधिक वेळ घेणारीच आज्ञा लिहिली जाते.

या तिसऱ्या किल्लीचा उपयोग पाहा. समजा, नोंदणीची मुदत संपत आली आहे आणि सर्व्हर फार सावकाश चालतो आहे. रांगेतल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. लॉग बंद असेल तर दोष कोठे आहे ते कळणार नाही. सगळेच लिहिले जात असेल तर दोषाची ओळ लाखो ओळींत बुडेल. पण फक्त सावकाश आज्ञा लिहिल्या, तर एक गोष्ट चटकन दिसेल : खातेदाराच्या नावावरून शोध घेताना सर्व्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळत बसतो आहे. मग नावांची सूची करून दिली की काम झटपट होते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशीच ही.

जास्त लिहिण्यात आणखी एक धोका आहे. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीने जाहीर केले, की एका चुकीमुळे वापरणाऱ्यांचे पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. सुमारे ३३ कोटी लोकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. जे गुपित आहे ते रोजनिशीतही नको.

मग शहाणपण कशात आहे? एरवी बेताचे लिहावे. बिघाड शोधताना तपशील वाढवावा आणि दोष सापडला की पुन्हा कमी करावा. या किल्ल्या सर्व्हर बंद न करता फिरवता येतात.

करून पाहा : वर्गाच्या ग्रंथपेटीसाठी दोन वह्या घाला. एकीत पुस्तक हाताळणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा, दुसरीत फक्त पुस्तक नेल्याची आणि परत केल्याची नोंद करा. आठवड्याने एखादे पुस्तक कोणाकडे आहे ते दोन्ही वह्यांतून शोधा. कोणत्या वहीने लवकर उत्तर दिले? आणि फाटलेले पान कोणाच्या हातून फाटले, हे शोधायला कोणती वही उपयोगी पडली?