प्रवेश-अर्जातील सर्जनशील निबंध : विषयाची निवड कशी करावी?

बारावीनंतरच्या प्रवेशासाठी कर्नाटकातील बहुसंख्य महाविद्यालयांत परीक्षेतील गुणच विचारात घेतले जातात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे व आपल्या देशातील काही खाजगी विद्यापीठे मात्र अर्जासोबत निबंधही मागवितात. अमेरिकेतील ‘कॉमन अॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जात मुख्य निबंधास ६५० शब्दांची मर्यादा आहे. याखेरीज अनेक विद्यापीठे आपापले पूरक निबंध मागतात. शिकागो विद्यापीठाचे पूरक प्रश्न तर चमत्कारिक म्हणूनच प्रसिद्ध असून त्यांपैकी कित्येक विद्यार्थ्यांनीच सुचविलेले असतात. येथील शुल्क सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. अर्ज उत्तम ठरून आर्थिक साहाय्य मिळाले तरच दार उघडते. म्हणून निबंधाच्या विषयाची निवड ही किरकोळ बाब नव्हे.

अडचण कोठे आहे?

बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पासारख्या गावी वाढलेल्या विद्यार्थ्याची पहिली समजूत अशी असते की, आपल्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही घडलेच नाही. मग तो पर्यावरण, देशप्रेम, स्त्रीशिक्षण असा एखादा भव्य विषय उसना घेतो. विषय थोर असतो, परंतु त्यात विद्यार्थी कोठेच दिसत नाही. निवड समितीस तर नेमके त्यालाच पाहावयाचे असते. विषय किती मोठा आहे, यापेक्षा तो कितपत आपला आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते.

आनंदीबाईंचा धडा

या बाबतीत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपल्या शिक्षणातील उणिवा त्यांनी लपविल्या नाहीत. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यास संकोचणाऱ्या भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी, हा आपला हेतू त्यांनी स्पष्टपणे मांडला. त्यांना प्रवेश मिळाला. १८८६ साली पदवी घेताना प्रबंधासाठीही त्यांनी परका विषय न घेता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. आपल्याकडे नसलेल्या गोष्टींचा आव आणण्यापेक्षा आपल्याला जवळून ठाऊक असलेली गोष्ट मांडणे अधिक परिणामकारक ठरते, हे यावरून ध्यानी येते.

आपल्या परिसरातील विषय

चिटगुप्पा परिसरात विषयांची वाण नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला व १९७३ पासून ते राज्य कर्नाटक या नावाने ओळखले जाऊ लागले. परिणामी एखाद्या घरच्या ट्रंकेत एकाच शेताचे जुने कागद उर्दूत आणि नवे पहाणी पत्रक कन्नडमध्ये असते, तर त्यावरील चर्चा घरात मराठीतून चालते. आजोबांना कन्नड वाचता येत नाही व नातवाला उर्दू येत नाही. या दोघांनी मिळून बांधाची हद्द कशी समजून घेतली, एवढाच प्रसंग निबंधास पुरेसा आहे. त्यात इतिहास येतो, भाषा येते आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याची धडपड येते.

दुसरे उदाहरण बिदरी कलेचे घेता येईल. ‘बिदरी कलेची महती’ हा विषय पाठ्यपुस्तकी होईल. परंतु जस्त व तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे बीदर किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने काळे पडते, त्यावरील चांदीची नक्षी मात्र शुभ्रच राहते, हे पाहून ज्याच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न उभा राहिला व त्याने तो शिक्षकांना, कारागिरांना विचारला, त्याचा निबंध रसायनशास्त्राकडे निघालेल्या विद्यार्थ्याचा निबंध होईल. तुरीच्या उभ्या पिकातील काही झाडेच मर रोगाने का वाळतात, हे हंगामभर वहीत टिपणाऱ्या मुलीचेही तसेच आहे.

प्रश्न चमत्कारिक असला तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. एखाद्या निर्जीव वस्तूचे मनोगत लिहावयास सांगितले, तर ती ट्रंकही बोलू शकते. कल्पना नवी असावी, पण तिच्या तळाशी असलेला अनुभव खरा असावा.

निवडीच्या कसोट्या

विद्यार्थ्याने प्रथम आठवडाभर सुचतील ते दहा-बारा विषय मातृभाषेतच टिपून ठेवावेत. निबंध शेवटी इंग्रजीत लिहावयाचा असला, तरी अनुभवाचे नेमके शब्द बहुधा घरच्या भाषेतच सापडतात. नंतर प्रत्येक विषयास पुढील प्रश्न लावावेत :

१. वरचे नाव झाकले, तर हा निबंध दुसऱ्या कोणाचाही वाटेल काय? वाटत असल्यास विषय सोडावा.

२. यात आपण स्वतः काही केले, शोधले अथवा आपले मत बदलले आहे काय?

३. गुणपत्रिकेत न दिसणारे काही यातून कळते काय?

४. दिलेल्या शब्दमर्यादेत तो पुरा मांडता येईल काय? ‘दुष्काळ’ मावणार नाही. टँकरच्या रांगेतील एक सकाळ मावेल.

गरिबी वा संकट यांविषयी लिहिण्यास हरकत नाही. तथापि, केवळ करुणा उत्पन्न करणे हा हेतू नसावा. संकटात विद्यार्थ्याने काय केले व तो काय शिकला, यावर भर असावा.

शिक्षक व पालकांचे कार्य

शिक्षकांनी विषय हाती देऊ नये. प्रश्न विचारून विद्यार्थ्याकडून तो काढून घ्यावा. व्याकरणाच्या चुका दाखवाव्यात, परंतु वाक्ये त्याचीच राहू द्यावीत. पैसे देऊन अथवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून निबंध लिहवून घेणे सर्वथा टाळावे. लेखन स्वतःचे असल्याचे प्रतिज्ञापन अर्जात करावे लागते व ते खोटे ठरल्यास प्रवेशही जाऊ शकतो. ज्या गावी ग्रंथालय आहे, तेथे शिक्षकांनी सुटीत चार विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एकमेकांचे निबंध वाचून घेतले, तरी पुष्कळ साधेल.

सीमाभागातील मुलाला तीन-चार भाषांतून रोजचा व्यवहार करावा लागतो. याला तो आजवर अडचण मानीत आला असेल. निबंधाच्या दृष्टीने ती त्याची शिदोरी आहे. ती उघडून पाहण्याची सवय त्याला शाळेतच लागली पाहिजे.