सराव सामन्यात कोणाला खेळवायचं?

वाचण्याआधी

हा पाठ रग्बीवर आहे. रग्बी कळत नसेल तरी अडणार नाही, पण थोडी माहिती हवी. मैदानात एका संघाचे १५ खेळाडू असतात आणि बाहेर बाकावर ८ राखीव. सामना सुरू करणाऱ्यांच्या पाठीवरचा आकडा त्यांची जागा सांगतो. १ ते ८ हे पुढचे, दणकट, रेटारेटी करणारे. ९ ते १५ हे मागचे, पळणारे. ९ नंबरचा खेळाडू, म्हणजे स्क्रम-हाफ, घोळक्यातून चेंडू काढून मागच्यांना देतो. १० नंबरचा, म्हणजे फ्लाय-हाफ, तो घेऊन पुढे काय करायचं ते ठरवतो: पळायचं, पास द्यायचा की किक मारायची. त्यामुळे संघनिवडीवर वाद झाला की तो बहुधा या दोन जागांवरून होतो.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा. घरातली माणसं एकमेकांचं म्हणणं कशी खोडून काढतात, ती वाक्यं अधोरेखित करा.

पाठ

ऑगस्ट २०२३ मधली, ११ तारखेची संध्याकाळ. आम्ही सगळे मामाकडे जमलो होतो. मामाचं घर ट्विकनहॅम स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर आहे. दुसऱ्या दिवशी तिथे इंग्लंड आणि वेल्स यांचा सामना होता. तो वर्ल्ड कपचा सामना नव्हता. वर्ल्ड कप ८ सप्टेंबरला फ्रान्समध्ये सुरू होणार होता. त्याआधी इंग्लंडने चार सराव सामने ठरवले होते: दोन वेल्सशी, एक आयर्लंडशी, एक फिजीशी. पहिला सामना ५ ऑगस्टला कार्डिफला झाला आणि इंग्लंड ९-२० असं हरलं. लगेच ७ तारखेला प्रशिक्षक स्टीव्ह बोर्थविक यांनी वर्ल्ड कपसाठी ३३ नावं जाहीर केली. तेव्हापासून मामाचं डोकं फिरलेलं होतं.

उद्याच्या संघात १० नंबरला कर्णधार ओवेन फॅरेल होता आणि ९ नंबरला जॅक व्हॅन पोर्टव्हलीट.

"हे चुकतंय," मामा म्हणाला. "वर्ल्ड कपला चार आठवडे राहिलेत. कॅप्टनला आत्ता कशाला उतरवायचं? काही लागलं-बिगलं म्हणजे?"

आजोबा दादरहून दोन महिन्यांसाठी आले होते. त्यांचा खेळ क्रिकेट. रग्बी त्यांनी पूर्वी पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, बाहेर छत्री धरून पाहिलेली. पण निवडीवर बोलायला त्यांना खेळ कुठला याने फरक पडत नाही.

"अरे, पण खेळल्याशिवाय अंगात खेळ येणार कसा?" ते म्हणाले. "नेटमध्ये शंभर चेंडू खेळलास तरी मॅचमधला पहिला चेंडू वेगळाच असतो."

"ते मान्य. पण बाबा, तुम्हाला २०१९ चं माहीत नाही. मी तिथे होतो. हेच मैदान, हेच दोन संघ, ११ ऑगस्ट. म्हणजे आजच्याच तारखेला! वेल्सचा दहा नंबर गॅरेथ अँस्कम. सराव सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि त्याचा वर्ल्ड कपही गेला. कशासाठी? ज्या सामन्याला काही किंमतच नाही अशा सामन्यासाठी!"

"आणि त्याला घरी बसवला असता, आणि तो जिन्यावरून पडला असता तर?"

"हे काय बोलणं झालं, बाबा?"

"बरोबर बोलतोय. सामन्याला किंमत नाही म्हणतोस, मग मागच्या शनिवारी हरले तेव्हा दोन दिवस जेवला का नाहीस?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी आजोबांच्या बाजूने होतो, पण मामाने मला आइस्क्रीम कबूल केलं होतं, म्हणून गप्प बसलो.

"तुम्ही दोघं दहा नंबरवर काय भांडताय?" ताई म्हणाली. "दहा नंबरला तीन जण आहेत. फॅरेल नसला तर जॉर्ज फोर्ड आहे, मार्कस स्मिथ आहे. घोळ केलाय तो नऊ नंबरचा. अ‍ॅलेक्स मिचेलला घेतलंच नाही!"

ताई स्वतः क्लबमध्ये नऊ नंबरला खेळते. त्यामुळे नऊ नंबरचा विषय निघाला की आम्ही ऐकून घेतो. तिचं म्हणणं असं: ३३ जणांत तीन स्क्रम-हाफ घेतले आहेत. डॅनी केअर ३६ वर्षांचा. बेन यंग्ज ३३ वर्षांचा, इंग्लंडच्या पुरुष संघाकडून सगळ्यात जास्त सामने खेळलेला. आणि व्हॅन पोर्टव्हलीट २२ वर्षांचा. मिचेल नॉर्दम्प्टनकडून खेळतो, पटकन चेंडू काढतो, पुढचे थकले की फटीतून स्वतः पळतो. तरीही तो घरी.

"बोर्थविक आधी लेस्टरचा कोच होता," मामा म्हणाला. "यंग्ज लेस्टरचा, हा पोरगाही लेस्टरचा. ओळखीचीच माणसं घेतो."

"हे सगळीकडे असतं," आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी दिल्लीवाले म्हणायचे, सिलेक्टर मुंबईचा की टीम मुंबईची."

"मग ते खोटं होतं का?"

"ते खोटंच होतं," आजोबा ठामपणे म्हणाले. "आमची पोरं चांगलीच होती."

"आजोबा, मला हे पटत नाही," ताई म्हणाली. "म्हणजे तुमची पोरं चांगली म्हणून घेतली, आणि लेस्टरची मात्र ओळखीची म्हणून? आणि मामा, तू पण. कोच ज्याच्याबरोबर रोज काम करतो त्याच्यावर त्याचा भरवसा बसणारच. त्याला ओळख म्हण किंवा भरवसा म्हण. माझं म्हणणं एवढंच आहे की या वेळी तो चुकलाय."

मग मामाने हेन्री स्लेडला वगळल्याचं दुःख पुन्हा एकदा सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते फार लांब होतं.

जेवायला बसलो तेव्हा आईने विषय बदलला. निदान आम्हाला तसं वाटलं.

"तुझं परवाचं काय ठरलं?" तिने ताईला विचारलं.

रविवारी ताईच्या क्लबचा सराव सामना होता. जूनमध्ये तिचा उजवा घोटा मुरगळला होता. फिजिओने खेळायला परवानगी दिली होती, पण जपून.

"कोच म्हणाली, तूच ठरव. मी खेळणार आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी एक तरी मॅच हवी ना."

"काही गरज नाही," आजोबा म्हणाले. "बस घरी. साधा सरावाचा तर सामना."

सगळ्यांचे हात थांबले.

"आजोबा! आत्ताच तर तुम्ही म्हणालात, खेळल्याशिवाय खेळ येत नाही!"

"ते मी त्या फॅरेलबद्दल म्हणालो. तो माझी नात नाही."

आणि मामा? तासभर 'कॅप्टनला जपा' म्हणून ओरडणारा मामा म्हणाला, "बाबा, फिजिओने हो म्हटलंय तर खेळू दे तिला. किती दिवस घाबरून बसणार?" दोघांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आईने मात्र माझ्याकडे बघून भुवई उडवली.

शनिवारी आम्ही टीव्हीवर सामना पाहिला. पहिल्याच अर्ध्या भागात व्हॅन पोर्टव्हलीट घोटा धरून खाली बसला. मग बाहेर गेला. ताई काहीच बोलली नाही. मिचेल बाहेर बसलाय म्हणून तीन दिवस चिडलेली ताई त्या क्षणी मिचेलचं नावही काढेना. ती फक्त त्या पोराच्या पायाकडे बघत होती.

पुढचा सामना विचित्रच झाला. ६३व्या मिनिटाला फॅरेलने वेल्सच्या टेन बॅशमला टॅकल करताना खांद्याने त्याच्या डोक्याला धडक दिली. आधी पिवळं कार्ड मिळालं. सामना चालू असतानाच एका अधिकाऱ्याने तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि पिवळ्याचं लाल झालं. एका वेळी तर इंग्लंडचे तीन खेळाडू बाहेर होते, १५ ऐवजी १२ जण खेळत होते. तरी शेवटी फोर्डच्या पेनल्टी किकने इंग्लंड १९-१७ असं जिंकलं. मामा सोफ्यावर उभा राहिला, पण नाचला नाही. कॅप्टनला दुखापत होईल अशी त्याला भीती होती. दुखापत झाली ती दुसऱ्यालाच आणि कॅप्टन गेला तो लाल कार्डाने.

रात्री ताईने तिच्या कोचला फोन केला. तिचं बोलणं मला अर्धवटच ऐकू आलं. रविवारी ती बाकावर बसली आणि शेवटची वीस मिनिटं खेळली. आजोबा दोरीपाशी छत्री घेऊन उभे होते, ऊन असताना. वीस मिनिटांत त्यांनी घड्याळ किती वेळा बघितलं ते मी मोजलं नाही. ताईचा घोटा ठीक राहिला. तिचे दोन पास चुकले आणि ती त्यावर आठवडाभर चिडली.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. व्हॅन पोर्टव्हलीटचा वर्ल्ड कप त्या घोट्याबरोबर संपला. त्याच्या जागी बोलावलं कोणाला? मिचेलला. फॅरेलची शिक्षा आधी रद्द झाली. मग वर्ल्ड रग्बीने त्यावर अपील केलं आणि त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. त्यात वर्ल्ड कपचे पहिले दोन सामने गेले. २६ ऑगस्टला फिजीने ट्विकनहॅमला येऊन इंग्लंडला ३०-२२ असं हरवलं. फिजीने इंग्लंडला हरवल्याची ती पहिलीच वेळ. त्या रात्री मामा खरंच जेवला नाही.

आणि ९ सप्टेंबरला मार्सेय इथे अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडचा टॉम करी अगदी सुरुवातीला बाहेर गेला, संघ १४ जणांवर आला, तरी इंग्लंड २७-१० असं जिंकलं. सगळेच्या सगळे २७ गुण जॉर्ज फोर्डचे: सहा पेनल्टी आणि तीन ड्रॉप गोल. ड्रॉप गोल म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकायचा आणि तो उसळताच किक मारायची. नऊ नंबरला होता मिचेल.

"बघितलंस?" मामा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, फॅरेलला आराम द्या म्हणून?"

"आराम?" आजोबा म्हणाले. "त्याला बंदी आहे! आणि फोर्ड कशामुळे तयार होता? सराव सामने खेळला म्हणून."

ताईला विचारलं, तू बरोबर ठरलीस, खूश आहेस ना? ती म्हणाली, "मिचेल संघात हवा होता, असं मी म्हणत होते. असा नको होता."

भाषेकडे लक्ष द्या

मराठीत कोणाचं म्हणणं खोडताना आधी थोडं मान्य करायची पद्धत आहे: 'ते मान्य, पण...', 'बरोबर आहे तुझं, पण...', 'असेल, पण...'. थेट 'तू चूक आहेस' असं घरात क्वचित म्हणतात. 'तू चुकतोयस' किंवा 'मला हे पटत नाही' हे जास्त ऐकू येतं. ताई एकाच दमात आजोबांना 'तुमची' आणि मामाला 'तू' म्हणते. तुमच्या घरी मामाला 'तुम्ही' म्हणत असतील तर तिचं मामाशी बोलणं 'तुम्ही' घालून पुन्हा लिहा. क्रियापदंही बदलायला विसरू नका.

'लागलं-बिगलं' यात दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. 'चहा-बिहा', 'पाऊस-बिऊस' तसंच हे. असे तीन शब्द घरी विचारून आणा.

शब्द

वगळणे: यादीतून बाहेर ठेवणे. मुरगळणे: सांध्याला पीळ पडून तो दुखणे. ठामपणे: अजिबात न डगमगता. भरवसा: विश्वास. क्वचित: फार कमी वेळा.

बोला आणि लिहा

१. आजोबांनी जेवताना आपलं मत का बदललं? ते त्यांना स्वतःला कळलं होतं का? पाठातलं एखादं वाक्य दाखवून सांगा.

२. 'असा नको होता' या ताईच्या वाक्यात 'असा' म्हणजे कसा?

३. तुम्ही ताईच्या जागी असता तर रविवारी काय केलं असतं? आई-बाबांना पटेल असं सहा-सात वाक्यांत सांगा. निदान एकदा 'ते मान्य, पण' वापरा.

४. तुमच्या आवडीच्या कुठल्याही खेळाचा संघ निवडा. एका चांगल्या खेळाडूला तुम्हाला वगळावंच लागेल. ते त्याला कसं सांगाल? जोडीदाराबरोबर हे संभाषण करून दाखवा. मग जागा बदला.