पंधरा तारखेची रात्र

पळसदेव,
3 मे

चि. सोनूस,
आण्णाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या दादाचा फोन आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तुमच्या कंपनीकडे ज्या कारखान्याचं ऊसबिलाचं काम आहे, तिथे मार्चच्या पहिल्या पंधरवड्याच्या यादीतून पंधरा तारखेच्या खेपा गळाल्या, आणि ती क्वेरी तू लिहिलेली होती म्हणे. चूक कुणाचीही होते. पण तू दादाला म्हणालीस, "एका दिवसाचं तर आहे, पुढच्या बिलात येईल." हे मला फार लागलं गं.

चूक कुठे आहे ते मी इथे बसून सांगतो. साखर कारखान्यातल्या नोकरीची शेवटची सात वर्षं संगणक विभागात काढली आहेत. तू 'बिटविन' घालून एक ते पंधरा तारीख मागितली असशील. बिटविन दोन्ही टोकं धरतो, म्हणून वाटतं पंधरावा दिवसही आला. पण काट्याच्या नोंदीत तारखेला वेळ चिकटलेली असते, आणि आपण नुसती तारीख लिहिली की तिची वेळ 00:00 धरली जाते. म्हणजे पंधरा तारीख उजाडायच्या आत यादी बंद, आणि त्या दिवसाचा सगळा ऊस बाहेर. तिथे 23:59:59 चं ठिगळ लावू नकोस, त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटातही एखादी नोंद अडकते. एक तारखेपासून पुढे आणि सोळाच्या आधी, असं माग. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे का, तेही बघ. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे पाचला वजन झालेली गाडी तिथे आदल्या रात्रीची साडेअकराची दिसते, म्हणजे पुन्हा एक दिवस गेला.

एक दिवस म्हणजे काय, सोनू? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. ते 14 दिवस मोजायचे तुझ्या त्या रकान्यातल्या तारखेपासूनच ना?

आता जे सांगतो ते तुझ्या वडलांखेरीज कुणाला ठाऊक नाही. काट्यावर लागून मला दुसराच हंगाम होता. पंधरा तारखेच्या रात्री आपल्या जुन्या गावातले एक जण गाडीबरोबर स्वतः आले. उजनी धरणाच्या पाण्यात घर-रान गेल्यावर त्यांनी नव्या रानात लावलेला पहिला ऊस होता तो. अकराला रांगेत लागले, वजन झालं बारा वाजून वीस मिनिटांनी. आमच्या कारखान्याचा दिवस पहाटे चारला बदलायचा, म्हणजे ती खेप पंधराचीच. मी भिंतीवरचं घड्याळ बघून सोळा लिहिलं. "पंधराच न्हवं का, पोरा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतंय?" त्यांनी पावती टोपीत ठेवली आणि बैल हाकले. त्या एका दिवसानं बिल पुढच्या पंधरवड्यात गेलं, घरात लेकीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी पैसे व्याजानं काढले, हे मला महिन्यानं कळलं. मग त्यांच्या दारावरून जायचंच मी सोडलं. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून क्वेरीला हात लावण्याआधी काट्यावरच्या माणसाला विचार, तुमचा दिवस कधी बदलतो? चारला म्हणाला, तर पंधरवड्याची हद्दही चारलाच आख.

फार बोललो. तू रात्र-रात्र जागून काम करतेस, ते ठाऊक आहे मला. लहानपणी माझ्या जुन्या नोंदवहीच्या पाठकोऱ्या पानांवर बेरजा मांडायचीस, आणि मी तपासायच्या आधी स्वतःच दोनदा तपासायचीस. त्या खेपांचं पुरवणी बिल निघालं का, तेवढं कळव. साहेब बोलले असतील तर ऐकून घे, पण खोलीवर एकटी रडत बसू नकोस. काकूचा जीव लागून राहिलाय.

यंदा धरणाचं पाणी बरंच उतरलंय, बुडालेल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर आलंय. दोन दिवस काढून ये, होडीनं जाऊन येऊ. पुण्याहून निघायला उशीर झाला तरी निघ. बारा वाजून गेले तरी मी फाट्यावर उभा असेन.

तुझा,
आण्णा